बनावट औषधं: मेडिकल, नर्सिंग, फार्मसीच्या पोरांना नेमकं काय शिकवायचं? (नागपूर)

ओंजळ | १४ ऑक्टोबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी नागपुरात बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात राष्ट्रीय फार्मसी सप्ताह असतो. आमच्याकडे त्याचा साचा ठरलेला आहे: पोस्टर, रांगोळी, घोषवाक्यं, चौकापर्यंत रॅली आणि मग समोसे. यंदा आम्ही काही जण मागे लागलोय की एक दुपार बनावट औषधांसाठी द्या. फक्त आमच्यासाठी नाही, नर्सिंग, एमबीबीएस, डेंटल, डीएमएलटी (लॅब टेक्निशियन) सगळ्यांना बोलवायचं.

विषय डोक्यात यायला लांब जावं लागलं नाही. मार्च २०२३ मध्ये कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्यांचा नमुना घेतला गेला. मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल डिसेंबरात आला: गोळीत औषधच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मेयो या सरकारी रुग्णालयाच्या भांडारातून त्याच औषधाच्या २१,६०० गोळ्या जप्त झाल्या. पुढे नागपूर ग्रामीण पोलिसांच्या आरोपपत्रात आलं की या 'अँटिबायोटिक'मध्ये टाल्कम पावडर आणि स्टार्च होता, आणि माल हरिद्वारच्या एका पशुवैद्यकीय औषधांच्या प्रयोगशाळेत तयार झाला होता. मेयो आमच्या कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. वर्गात विचारलं तर दोन-चार जणांनी 'काहीतरी ऐकलं होतं' एवढंच सांगितलं.

माझी कल्पना अशी: एका टेबलावर खरी स्ट्रिप, शेजारी बनावट स्ट्रिप, आणि 'ओळखा पाहू'. स्पेलिंगची चूक, फिकट छपाई, फॉइलचा दर्जा, गोळीची कड. पोरं रमतील. प्रश्न दोन: बनावट नमुने मिळणार कुठे, आणि आणखी काय दाखवावं? या क्षेत्रातल्या लोकांनी बोलावं.

तर्री_पोहे | रात्री ९:४०

धाग्याला +१. मी इंटर्न आहे, कुठे ते विचारू नका.

आम्हाला फार्माकॉलॉजीत हे आलं होतं. व्याख्या पाठ केली, व्हायवात विचारली नाही, विसरलो. पण तुमच्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोष्टीत एक भयंकर भाग आहे, तो बातम्यांत कुणी लिहिला नाही. समजा लघवीच्या जंतुसंसर्गाचा पेशंट आला. सिप्रो दिली. तीन दिवसांनी ताप तसाच. आम्ही काय म्हणणार? 'रेझिस्टन्स आहे (म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाहीत), वरचं अँटिबायोटिक चढवा.' आपल्याकडे सिप्रोला रेझिस्टन्स इतका आहे की असं म्हटल्यावर युनिटमध्ये कुणी भुवईसुद्धा उचलणार नाही. गोळीत टाल्क असेल हा विचार कुणाच्या डोक्यात शिरणारच नाही. खोटी गोळी आमच्याच निदानाच्या आड लपते.

कल्चर रिपोर्टमध्ये जंतू सिप्रोला 'सेन्सिटिव्ह' आलाय आणि पेशंट तरीही बरा होत नाहीये, तर बॅच नंबर बघा, असं आम्हाला एकदा जरी सांगितलं असतं तर. आम्ही मात्र बघतो ते पेशंट गोळ्या घेतो की नाही. 'घेत नसेल,' असं म्हणून नातेवाइकांवर डाफरतो.

सावजी_रस्सा | रात्री १०:०५

अवो ताई, सोपं हाये ना बापा. गोळीवर आयोडीन टाकायचं, निळं झालं तं डुप्लिकेट. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरून राह्यला. टेबलावर तेच करा, पोट्टे टाळ्या वाजवतीन.

ओंजळ | रात्री १०:२१

सावजीभाऊ, तो व्हिडिओ आमच्याही ग्रुपवर आलाय. गोळी बांधायला, आणि पोटात गेल्यावर ती फुटायला, खऱ्या गोळीतही बऱ्याचदा स्टार्च घालतात. आयोडीन टाकलं की चांगल्यातल्या चांगल्या कंपनीची पॅरासिटामॉलही निळी होईल. या चाचणीने निम्मं नागपूर औषधं नालीत टाकून देईल.

सावजी_रस्सा | रात्री १०:२४

मंग जाळून पाह्यलं तं?

ओंजळ | रात्री १०:२५

भाऊ, नको.

फॉर्म_सतरा | १५ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

मी अन्न व औषध प्रशासनातून निवृत्त झालो. नोकरीचा बराच काळ विदर्भात गेला. टोपणनावाचा अर्थ फार्मसीवाल्यांना कळेल: निरीक्षक नमुना घेतो तेव्हा दुकानदाराला जी सूचना देतो तो हा फॉर्म.

ओंजळ, तुझा हेतू उत्तम आहे, पण ते टेबल मांडू नकोस. बनावट स्ट्रिप तू आणणार कुठून? जिच्या हाती ती आहे तिच्यासाठी तो पुरावा आहे. तो निरीक्षकाकडे द्यायचा, तोरणासारखा टांगायचा नाही. पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. तुझ्या खेळात पोरं दहापैकी आठ ओळखतील, कारण तू ओळखता येण्याजोगेच नमुने ठेवशील. घरी जाताना ती समजतील की आपल्याला बनावट औषध ओळखता येतं. तसा डोळा मला इतक्या वर्षांत आला नाही. 'पॅरासिटामॉल'चं स्पेलिंग चुकवणारा चोर कधीच मागे पडला. आज छपाई यंत्र त्याच्याकडेही चांगलं आहे, आणि कित्येकदा पॅकिंग करणारा माणूस तोच असतो, फक्त रात्रपाळीत.

कळमेश्वरचंच घे. गोळी दिसायला गोळीसारखीच होती. पण लेबलवर गुजरातच्या ज्या कंपनीचं नाव होतं ती कंपनीच अस्तित्वात नव्हती. हे गोळीकडे टक लावून कळत नाही. लेबलवरचा उत्पादन परवाना क्रमांक, पत्ता, पुरवठादाराचं बिल आणि त्या बिलामागचं बिल, हे सगळं कुणीतरी एकदा मागायला हवं होतं. भांडारात माल उतरतो तेव्हा तिथे फार्मासिस्ट असतो. उद्या ती जागा तुमच्यापैकीच कुणाची असेल.

आता कायदा थोडक्यात, कारण परीक्षेत तुम्ही तीन गोष्टींचा काला करता. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०. कलम १७ म्हणजे चुकीचं किंवा दिशाभूल करणारं लेबल, १७-अ म्हणजे भेसळ, १७-ब म्हणजे बनावट: दुसऱ्याच्या नावाने विकलेलं, दुसऱ्यासारखं दिसेल असं केलेलं, अस्तित्वात नसलेल्या कंपनीचं नाव लावलेलं. याशिवाय चौथी मोठी जमात, अप्रमाणित औषध, ज्याला सगळे 'एनएसक्यू' म्हणतात. कंपनी खरी, परवाना खरा, पण गोळीत औषध कमी, किंवा ती विरघळतच नाही. २००८ च्या दुरुस्तीनंतर बनावट औषधाने मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर किमान दहा वर्षं ते जन्मठेप. बाकीच्या बनावटीला किमान सात वर्षं. अप्रमाणितला बरीच सौम्य शिक्षा, आणि २०२३ च्या जनविश्वास कायद्याने त्यातलं कलम २७-ड तडजोडपात्रही केलं, म्हणजे रक्कम भरून मिटवता येणारं. त्यावर मला जे वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आडवा_प्रश्न (पुणे) | सकाळी ११:०२

विरोधी बाजू मांडतो, रागावू नये. केंद्र सरकारने २०१४ ते १६ मध्ये देशभर औषधांची पाहणी केली होती. हजारो नमुने. त्यात बनावट निघाली ०.०२४५ टक्के आणि अप्रमाणित ३.१६ टक्के. म्हणजे बनावट औषध ही दहा हजारात दोन-तीन नमुन्यांची गोष्ट. त्यासाठी अख्खी दुपार घालवून उद्याच्या डॉक्टर-नर्सच्या मनात भीती पेरायची? पेशंट आधीच डॉक्टरवर विश्वास ठेवत नाहीत, आता गोळीवरही ठेवणार नाहीत.

फॉर्म_सतरा | दुपारी १२:१५

आकडा बरोबर आहे, आणि तो विद्यार्थ्यांना जरूर सांगावा. त्याच पाहणीतला पुढचा आकडाही सांगावा: सरकारी पुरवठ्यातल्या नमुन्यांत अप्रमाणितचं प्रमाण १०.०२ टक्के होतं, किरकोळ दुकानांच्या तिप्पट.

दुसरं म्हणजे बनावट माल देशभर सारखा शिंपडलेला नसतो. तो एका टेंडरमधून, एका पुरवठादाराकडून, एका भांडारात खोक्यांनी येतो. राष्ट्रीय सरासरीत तो दिसत नाही, पण त्या तालुक्याच्या रुग्णालयात त्या महिन्यात सिप्रो घेणाऱ्या माणसासाठी प्रमाण शंभर टक्के असतं.

आडवा_प्रश्न | दुपारी १२:४०

हा मुद्दा मान्य. भीतीचा मुद्दा अजून मान्य नाही. त्यावर बोला.

वॉर्ड_चोवीस | दुपारी ३:५५

स्टाफ नर्स आहे, आता नर्सिंगच्या मुलींना क्लिनिकललाही घेते. धागा सकाळपासून वाचतेय. सगळे गोळी न् बिल, गोळी न् बिल करताहेत. आमचा संबंध व्हायलशी, म्हणजे इंजेक्शनच्या बाटलीशी येतो, आणि तिथे नर्स ही फक्त बघणारी नाही. बनावटीचा कच्चा माल तिच्या हातून जातो.

२०२४ च्या मार्चमध्ये दिल्ली पोलिसांनी कॅन्सरच्या इंजेक्शनांची टोळी पकडली. महागड्या औषधांच्या वापरलेल्या रिकाम्या व्हायल रुग्णालयांतल्या माणसांकडून विकत घ्यायचे, आणि त्यात बुरशीवरचं स्वस्त औषध, फ्लुकोनॅझोल, भरून पुन्हा विकायचे. एका व्हायलची किंमत लाखाच्या घरात. त्याआधी २०२१ मध्ये बारामतीत रेमडेसिविरच्या रिकाम्या बाटल्यांत पातळ पॅरासिटामॉल भरून विकणारे सापडले होते. दोन्हीकडे बाटली खरी, लेबल खरं, बॅच नंबर खरा. तुमचं क्यूआर-बिआर सगळं खरंच दाखवणार. वरचं झाकण आणि आतलं पाणी तेवढं खोटं.

मी पूर्वी एका खासगी रुग्णालयात होते. तिथे रिकाम्या व्हायल आणि खोकी 'बाजूला ठेवा' म्हणून सांगणारा माणूस होता. 'भंगारात देतो,' म्हणायचा. कुणी विचारलं नाही की भंगारवाल्याला काचेच्या बाटलीसोबत धड खोकं कशाला लागतं. मी विचारलं तर मला दुसऱ्या मजल्यावर टाकलं.

म्हणून माझ्या मुलींना मी हे शिकवते: व्हायल रिकामी झाली की लेबलवर मार्करने आडवी रेघ मारायची, खोकं फाडायचं, काच निळ्या खुणेच्या डब्यात. कॅन्सरच्या औषधाची व्हायल असेल तर ती निळ्यात नाही, सायटोटॉक्सिकची खूण असलेल्या पिवळ्यात. महागडं इंजेक्शन असेल तर बॅच नंबर केसपेपरवर लिहायचा आणि शक्य तिथे नातेवाइकाच्या समोर व्हायल फोडायची... म्हणजे उघडायची (फोडायची म्हटलं की काही मुली खरंच फोडतात). भरायच्या आधी झाकणाची ॲल्युमिनियमची कडी बघायची. आधी उघडून पुन्हा दाबलेली कडी बोटाला लागते. सगळ्यांना नाही लागत, पण ज्यांनी हजारो उघडल्यात त्यांना लागते. फॉर्म सतरा साहेबांनी डोळ्यावर विश्वास नको म्हटलं ते पटलं, पण बोटावर थोडा ठेवा.

ओंजळ, तुझ्या सत्रात नर्सिंगवाल्या आल्या तर त्यांना 'ग्राहक जागरूकता' ऐकवू नकोस. त्यांच्या हातातलं सांग.

तर्री_पोहे | दुपारी ४:२०

वॉर्ड चोवीस ताई, हे आम्हाला कुणीच शिकवलं नव्हतं. आज ड्यूटीला मार्कर नेतो.

गंजीपेठवाला | सायंकाळी ६:४८

आमचं होलसेलचं काम आहे. दवाबाजार म्हटलं की लोक आम्हालाच चोर समजतात, म्हणून लिहितो.

माल आत शिरतो तो स्कीमच्या वाटेने. एखाद्या चालत्या ब्रँडवर आम्हाला कंपनीच्या स्टॉकिस्टकडून ठरलेलं मार्जिन मिळतं, त्याच्यापेक्षा इकडे-तिकडे फार होत नाही. आणि मग एक माणूस येतो, म्हणतो हाच ब्रँड तीस टक्के कमीत देतो, दुसऱ्या राज्यातला माल आहे, बिल नंतर पाठवतो. ज्याला धंदा कळतो त्याला तिथेच कळतं. तीस टक्के कुठून आले? एक तर चोरीचा माल, नाही तर एक्सपायरी खोडून पुन्हा छापलेला, नाही तर डुप्लिकेट. बिल 'नंतर' पाठवणाऱ्याचं बिल कधी येत नसतं.

किरकोळ दुकानदाराला कायद्यात संरक्षण आहे, फार थोड्यांना माहीत आहे. कलम १९ मध्ये लिहिलंय: तुम्ही परवानाधारकाकडूनच घेतलं, औषध नीट साठवलं, आणि ते बनावट आहे हे वाजवी काळजी घेऊनही तुम्हाला कळणं शक्य नव्हतं, तर तुम्ही सुटता. पण ते सिद्ध करायला बिल लागतं. दुकान टाकणाऱ्या पोरांना हे पहिल्या दिवशी सांगा. ज्याचं बिल नाही तो कितीही सज्जन असला तरी आत जातो.

क्यूआरबद्दल. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० चालत्या ब्रँडवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे, डोलो, कॅलपॉल, ॲलेग्रा वगैरे. स्कॅन केलं की औषधाचं नाव, कंपनी, बॅच, तारखा, परवाना क्रमांक दिसायला हवा. चांगली गोष्ट आहे, पण कोड म्हणजे शेवटी छापलेला मजकूर. चोर तोही जसाच्या तसा छापू शकतो. उपयोग एवढाच की कोडमधला बॅच आणि बाजूला ठोकलेला बॅच जुळत नसेल तर लगेच पकडता येतं. आळशी चोर पकडायला उत्तम.

आणि कृपा करून पेशंटला सांगा की दोन गोळ्यांसाठी स्ट्रिप कापून घेताना बॅच आणि तारीख असलेला तुकडा कुणाकडे गेला ते बघा. ज्याच्याकडे नुसता कोपरा आला त्याच्याकडे पुरावा काहीच नाही.

लिंबूपाणी | रात्री ८:३०

मी या क्षेत्रातली नाही, वाचनमात्र असते. माझी आई बीपीची गोळी जनऔषधी केंद्रातून आणते, त्रिमूर्तीनगरच्या. एवढी स्वस्त कशी, हा प्रश्न मला नेहमी पडायचा. आता हे वाचून वाटतंय की बंद करून कंपनीची सुरू करावी का?

आडवा_प्रश्न | रात्री ८:३४

बघा. मी सकाळपासून हेच म्हणत होतो.

फॉर्म_सतरा | रात्री ९:१०

लिंबूपाणी ताई, बंद करू नका. बीपीची गोळी मध्येच सोडली तर नुकसान आत्ता होईल. जनऔषधीच्या मालाची केंद्रात यायच्या आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत बॅचनिहाय तपासणी होते. ती स्वस्त आहे कारण त्यात जाहिरात, एमआरची (कंपनीच्या विक्री प्रतिनिधींची) फौज आणि मधली मार्जिनं नाहीत. आणि बनावट करणारा माणूस दोन रुपयांच्या जेनेरिकमागे क्वचितच लागतो. त्याला नफा महागड्या, नाव असलेल्या ब्रँडमध्ये, नाही तर सरकारी टेंडरच्या ढिगात. बीपी घरी मोजता का? आकडे पूर्वीसारखेच येत असतील तर गोळी काम करतेय.

आडवा प्रश्न, तुमचा मुद्दा मी आता पूर्ण घेतो. ओंजळ, हा प्रसंग सत्रात आलाच पाहिजे. 'बनावट औषध' हे शब्द ऐकले की पहिली कुऱ्हाड जेनेरिकवर पडते, आणि पोरं घरी जाऊन आईवडिलांच्या गोळ्या बदलतात.

काचपट्टी | रात्री १०:५०

उशिरा आलो. पॅथॉलॉजीत आहे. एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण तीही नागपूरशी बांधलेली आहे.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातली, परासियाच्या बाजूची लहान मुलं मूत्रपिंडं बंद पडून नागपुरात आली. सुरुवातीला पाणी, उंदीर, डास, विषाणू सगळ्यांवर संशय गेला. मूत्रपिंडाच्या बायोप्सीत नलिकांना जी इजा दिसली ती विषाकडे बोट दाखवणारी होती. मग सर्दी-खोकल्याचं कोल्ड्रिफ नावाचं सिरप, बॅच एसआर-१३. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने तपासलं, त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. मर्यादा ०.१ टक्के. वीसहून अधिक मुलं गेली.

हे बनावट होतं का? कायद्याच्या भाषेत नाही. कंपनी खरी, परवाना खरा, लेबल तिचंच. 'ओळखा पाहू'च्या टेबलावर ही बाटली शंभर टक्के 'खरी' ठरली असती. बॅच नंबर नीट नोंदवणारा आणि दोन मुलांच्या आईंना 'कोणतं औषध दिलं होतं, बाटली आणा' असं विचारणारा डॉक्टर इथे उपयोगी पडतो, डोळा पडत नाही.

आणि हे पहिल्यांदा घडलं नाही. १९८६ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरॉलने चौदा रुग्ण गेले. चौकशीसाठी लेंटिन आयोग बसला. मी एमडी करताना त्या आयोगाचं नाव कुणी उच्चारलं नाही. महाराष्ट्रात शिकणाऱ्या प्रत्येक एमबीबीएस आणि फार्मसीच्या विद्यार्थ्याने त्या घटनेवर निदान एक तास ऐकावं असं मला वाटतं. माणसांना विषाची रासायनिक सूत्रं पाठ असतात, ते विष रुग्णालयाच्या भांडारात कोणत्या कागदावर सही होऊन आलं हे मात्र कळत नाही.

ओंजळ, विषयाचं नाव 'बनावट औषधं' एवढंच ठेवलंस तर छिंदवाडा बाहेर राहील. ते आत घे. जागतिक आरोग्य संघटनाही २०१७ पासून अप्रमाणित आणि बनावट एकत्रच धरते. कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहातलं एक वैद्यकीय उत्पादन यात मोडतं असा त्यांचा अंदाज आहे.

सावजी_रस्सा | रात्री ११:१५

वाचून डोकं सुन्न झालं ना बापा. बरं मले सांगा, सामान्य मानसाले गोळीचा संशय आला तं जायाचं कोठी? पोलिसाकडे गेलो तं तो मलेच बसवून ठेवीन. अन् खबर देल्ली तं बक्षीस-गिक्षीस भेटते काय?

फॉर्म_सतरा | १६ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

सावजीभाऊ, सगळ्यात कामाचा प्रश्न तुम्ही विचारला. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. नागपूरचं कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये. गोळी, पाकीट आणि बिल तिन्ही ठेवा, पाकिटातून सगळ्या गोळ्या काढून डबीत टाकू नका.

आणि हे माहीत नसलेले वकीलही मी पाहिलेत: कायद्याच्या कलम २६ नुसार कुठलाही ग्राहक स्वतः विकत घेतलेलं औषध फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अर्ज फॉर्म १४-अ, अहवाल फॉर्म १४-ब मध्ये मिळतो. माझ्या काळात हा अर्ज घेऊन येणारा माणूस इतका दुर्मीळ होता की कारकून फॉर्म शोधत बसायचे.

बक्षीस आहे. केंद्राची २००९ ची योजना: पकडलेल्या मालाच्या किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंत, कमाल पंचवीस लाख. पण त्या आशेवर कर्ज काढू नका.

डॉक्टर-नर्ससाठी वेगळी वाट आहे. औषध लागू पडलं नाही, हीसुद्धा नोंदवण्याजोगी घटना आहे. एडीआरचा, म्हणजे औषधाचे दुष्परिणाम कळवायचा फॉर्म फक्त पुरळ आणि उलटीसाठी नसतो. त्यात बॅच नंबरचा रकाना आहे. मोठ्या मेडिकल कॉलेजांत केंद्र असतं, नाहीतर १८००-१८०-३०२४.

तर्री_पोहे | सकाळी ८:०२

बॅच नंबरचा रकाना आम्ही 'माहीत नाही' लिहून सोडतो. सगळेच. खरं सांगायचं तर फॉर्मच क्वचित भरतो. विभागाला आकडा दाखवायचा असतो तेव्हा एकदम बसून भरले जातात.

ओंजळ | १७ ऑक्टोबर, रात्री ८:४०

दोन दिवस गप्प होते कारण आमच्या फार्मास्युटिक्सच्या मॅडमशी बोलत होते. टेबल काढलं. त्याऐवजी हे ठरतंय, झोडा.

आमच्या लॅबमध्ये गोळ्या दाबायचं यंत्र आहे, प्रॅक्टिकलला आम्ही त्यावर गोळ्या पाडतोच. एक बॅच फक्त टाल्क आणि स्टार्चची पाडायची, औषधाशिवाय. दुसरी औषध घालून. दोन्ही पांढऱ्या, गोल, बिननावाच्या. मग सगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना त्या ओळखायला द्यायच्या. हातात घ्या, मोडा, भिंगातून बघा. सावजीभाऊंचं आयोडीनही ठेवणार आहे. दोन्ही निळ्या होतील. नंतर वीस गोळ्यांचं वजन करून फरक बघायचा: डमी पास. मग पाण्यात फुटायची चाचणी: आवरण नसलेली गोळी फार्माकोपियाप्रमाणे (औषधांच्या मानकांच्या ग्रंथाप्रमाणे) पंधरा मिनिटांत फुटायला हवी. मॅडम म्हणाल्या डमी बहुतेक खरीपेक्षा आधी फुटेल.

आणि शेवटी यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर, द्रावात औषध किती आहे ते अतिनील प्रकाशाने मोजणारं यंत्र. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा द्राव साधारण २७७ नॅनोमीटरला शिखर दाखवतो. डमीचं आलेखावर काहीच नाही, सपाट रेघ. तोपर्यंत सगळ्यांनी डमीला 'खरी' म्हटलेलं असेल. तिथून बिल, बॅच, परवाना क्रमांक, एडीआर फॉर्म यावर यायचं. नर्सिंगच्या भागासाठी वॉर्ड चोवीस ताई, तुम्ही याल का? अर्धा तास. व्हायलची कडी दाखवायला.

छिंदवाडा आणि जे. जे. दोन्ही घेणार. लिंबूपाणी ताईंच्या आईंचा प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवणार, परवानगी असेल तर.

फॉर्म_सतरा | रात्री ९:०५

हे चांगलं आहे. तीन अटी. गोळीवर कुठलंही नाव, खूण, आकडा नको. स्ट्रिपमध्ये भरायची नाही, बाटलीत ठेवून वर ठळक 'डमी, औषध नाही' लिहायचं, आणि ती बाटली ओळखीच्या खेळाआधी कुणाला दिसणार नाही एवढंच बघायचं. सत्र संपल्यावर मोजून गोळा करून मॅडमच्या सहीने नष्ट करायच्या. पाडल्या किती, नष्ट केल्या किती, हे वहीत लिहा. एकही खिशातून बाहेर जाता कामा नये. हा हिशेब पोरांच्या समोरच करा. अख्ख्या सत्रात तेच सगळ्यात महत्त्वाचं ठरेल कदाचित.

आडवा_प्रश्न | रात्री ९:२०

यूव्हीवाली कल्पना आवडली. सिप्रो जिथे शून्य आहे तिथे ठीक, पण जिथे औषध ६० टक्केच घातलंय तिथे शिखर येईल, फक्त बुटकं. ते पण दाखवा. तिसरी बाटली पाडा, अर्ध्या औषधाची. रेझिस्टन्स वाढवायला रिकाम्या गोळीपेक्षा ती जास्त हातभार लावते, कारण जंतू मरत नाहीत पण औषधाची ओळख मात्र करून घेतात.

काचपट्टी | रात्री ९:३१

आडवा प्रश्न साहेब बाजू बदलून आले की काय!

आडवा_प्रश्न | रात्री ९:३३

बाजू तीच आहे, आता प्रश्न उभा विचारतोय.

वॉर्ड_चोवीस | रात्री १०:४५

आत्ताच ड्यूटी संपली. येते. पण मुलींची पोस्टिंग दुपारी दोनपर्यंत असते आणि बसने यायला वेळ लागतो, तीनच्या आधी सुरू करू नका. रिकाम्या व्हायल मी आणणार नाही, त्या नियमाने डब्यातच जातील. पाण्याच्या इंजेक्शनच्या दोन-चार न उघडलेल्या व्हायल आणते. त्यांची कडी मुलींच्या समोरच काढून पुन्हा दाबून दाखवते, मग सगळ्यांनी बोट फिरवायचं.

लिंबूपाणी | रात्री १०:५८

आईचा प्रश्न वाचा, नाव नको. बीपी तपासलं, नेहमीसारखंच आहे. गोळी सुरू आहे.

गंजीपेठवाला | १८ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

माझ्याकडून खऱ्या बिलांच्या झेरॉक्स घ्या, दुकानांची नावं झाकून देतो. एक बिल मी मुद्दाम चुकीचं करून देईन, बॅचचा एक आकडा बदलून. शोधा म्हणावं. ओंजळ, आयोडीन दुकानातून आणलंत तर बिल घ्या.

ओंजळ | सकाळी ९:२५

घेणार. सभागृहाचा अर्ज आज देतेय, तीन ते साडेपाच. डेंटलवाले विचारताहेत, भूल द्यायच्या काडतुसांचं पण काही सांगणार का? कुणाला माहिती असेल तर इथेच लिहा.